जीननं धरलं

शकीलभाईला लोक आता पंक्चरवाला म्हणून ओळखतात. मला त्याचा राग येतो, पण लोकांना काय बोलणार? आर्णी रोडवर त्याच्या पुतण्याचं, आसिमचं, गॅरेज आहे. तिथं एका टायरवर बसून हा माणूस दिवसभर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो. पूर्वी याच माणसाला न्यायला राळेगाव, वणी, पार पांढरकवड्यापर्यंतच्या शेठांच्या जीपगाड्या यायच्या. कपाशीच्या हंगामात तर त्याचा भाव नवरदेवापेक्षा जास्त.

शकीलभाई जीनचा फिटर. आमच्याकडं कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्याला जीन म्हणतात, आणि आतल्या यंत्रालाही जीनच म्हणतात. त्यात चामड्याचे रोलर असतात, त्यांना लागून लोखंडी सुऱ्या असतात. ओल्या कापसाची गुंडी मधे अडकली की सगळं यंत्र गच्च बसतं. मग हाकाटी होते, "शकीलभाई, जीननं धरलं!" आणि हा पाना घेऊन धावत जातो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं त्यानं दर्व्हा रोडच्या एकाच जीनमध्ये हे केलं. मी कलेक्टर कचेरीतला कारकून, घरं आमची पाठीला पाठ लावून. तो मला चारूभाऊ म्हणतो. आमच्या शोभाची आणि त्याच्या जैबुनबीची भाजीच्या वाट्यांची देवाणघेवाण आमच्या मैत्रीपेक्षा जुनी आहे.

दोन हजार पाच साली आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव पेपरात रोज यायचं. कशासाठी यायचं ते साऱ्या देशाला पाठ आहे, मी ते उगाळत बसत नाही. पण शेताच्या मागोमाग जे जे कोसळलं, त्याची बातमी कुणी छापली नाही. कापूस येईना म्हणून जीन बंद पडले. शकीलभाईच्या जीनच्या आवारात चुन्याच्या रेघा मारून लेआऊट पडला, प्लॉट विकायला निघाले, आणि आतली आठ यंत्रं भंगाराच्या भावात काढायची ठरली. तेवढ्यात शेठला एक गिऱ्हाईक मिळालं. बांगलादेशातला, जेसोरकडच्या खेड्यातला कुणी मतलूब मियाँ. तिकडं थोडाफार कापूस व्हायला लागला होता आणि त्याला जुने का होईना, चालते जीन हवे होते. अट एकच. बसवून द्यायला फिटर बरोबर पाहिजे. काम आवडलं तर दर हंगामाला तिथंच राहा, बायकोलाही आण, असा निरोप होता.

शकीलभाईजवळ पासपोर्ट होता. कधीतरी आखातात जायच्या नादानं काढलेला, पेटीत तसाच पडलेला. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडं आला.

"चारूभाऊ, मशिनी चालल्या तं मीबी चाललो," तो म्हणाला. "इथं राहून करू काय? दुसरं कोणतं काम येतेच नाई मले."

"परदेश आहे शकीलभाई. भाषा नाही, ओळख नाही."

"भाषा कायले लागते? जीन जसा इथं बोलते तसाच तिथं बोलन."

त्याला पैसाबिसा नको होता असं मी म्हणणार नाही, पोट कुणाला सुटलंय? पण त्याला खरं हवं होतं ते त्या आठ यंत्रांपाशी उभं राहायला मिळणं. ते नसलं तर आपण कोण, हे त्याला सांगता आलं नसतं. जैबुनबीनं तिळाच्या चटणीचा डबा बांधून दिला आणि फुलचंद ड्रायव्हरच्या ट्रकमध्ये यंत्रांबरोबर तो निघाला. नागपूर, रायपूर, संबलपूर करत कलकत्त्याच्या पुढं.

त्यानं आयुष्यात ओलांडलेली मोठ्यात मोठी सीमा म्हणजे पैनगंगा. पलीकडं आदिलाबाद, पाट्या तेलुगू. देश बदलताना याहून काहीतरी भारी होत असेल, जमीन निदान रंग तरी बदलत असेल, असं त्याला वाटत होतं. सीमेवर ट्रकांची ही मोठी रांग. फुलचंद रांगेत खिचडी शिजवत बसला आणि हा पुढं पायी निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी, अजस्र शिरीषाची झाडं. ती झाडं इकडं होती तशीच तिकडंही होती.

"भाऊ, काईच नाई होत," त्यानं मला नंतर सांगितलं. "एक फाटक, मधात थोडशी मोकळी जागा, अन् दुसरं फाटक. कावळा इकडून उडाला अन् तिकडं जाऊन बसला. त्याले कोनी इचारलं नाई."

पण याला विचारलं. पलीकडच्या टेबलामागच्या साहेबानं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, मग मोडक्या हिंदीत म्हणाला, काम काय करतोस?

"जिन का काम करता हूँ साब."

साहेबानं मान वर केली. "जिन?"

"हाँ साब. पूरी उमर जिन का-च काम किया."

साहेबाचा आवाज खाली आला. "कितने हैं?"

"आठ हैं साब. पीछे ट्रक में आ रहे."

बाजूचा शिपाई एक पाऊल मागं सरकला. साहेबानं शिक्का मारला, पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला आणि उभा राहून सलाम केला. शिपायानं याची पिशवी उचलून बाहेरपर्यंत आणून दिली आणि जाताना, माझ्या घरासाठी दुआ करा, असं काहीतरी म्हणाला.

तुम्हाला कळलं असेल, त्याला कळलं नाही. तो मुसलमान, जिन म्हणजे भूतपिशाच्च हे काय त्याला ठाऊक नव्हतं? जैबुनबी तिन्हीसांजेला पोरांना चिंचेखाली जाऊ द्यायची नाही ती त्याच जिनाच्या भीतीनं. पण ज्या माणसानं जवळजवळ तीस वर्षं दिवसातून शंभरदा जीन, जीन म्हटलंय, त्याच्या तोंडी तो शब्द लोखंडाचाच झालेला असतो. मी कचेरीत अर्ज 'निकाली काढला' म्हणतो तेव्हा मला कुठं त्यामागचा माणूस आठवतो? यवतमाळच्या माणसाशिवाय ही चूक दुसरं कुणी करू शकलं नसतं.

तेव्हा त्या देशाबद्दल त्याचं पहिलं मत झालं ते हे, की इथली माणसं फार अदबशीर आहेत. पलीकडच्या आवारात यंत्रं उतरवून तिकडच्या ट्रकवर चढवली. तो ट्रकवाला सगळं ऐकून होता. त्यानं शकीलभाईला खिडकीशी बसवलं आणि वाटभर त्याच्यासमोर विडी ओढली नाही. आत शिरल्यावर देश जरा वेगळा दिसू लागला. जिकडं पाहावं तिकडं पाणी, घरागणिक तळं, बांबूची बेटं, सायकलला फळ्या जोडून केलेल्या गाड्यांवर बसलेली माणसं. पाट्यांवरची अक्षरं आपल्यासारखीच वरच्या रेघेला टांगलेली, पण एकही ओळखू येईना. घड्याळ अर्धा तास पुढं. अजान झाली तेव्हा मात्र त्याला वाटलं, ही तर आपल्या यवतमाळच्या कळंब चौकातलीच आहे. ट्रक थांबला तसं खाली उतरून त्यानं माती हातात घेतली. पिवळट, मऊ, पिठासारखी. काळ्या मातीतला माणूस तो, या मातीत कपाशीची पऱ्हाटी काय येणार असं त्याच्या मनात आलं.

गावात ट्रकवाल्यानं काय सांगितलं कोण जाणे. शेडसमोर लोक जमले होते, पण जवळ कुणी येईना. म्हाताऱ्यांनी सलाम केला. मतलूब मियाँनं खुर्ची दिली. आता हे बघा, दर्व्हा रोडच्या शेठनं त्याला उभ्या आयुष्यात कधी खुर्ची दिली नव्हती. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी द्यायचे, तीही दारात. त्या दिवशी त्यानं गावातल्या फोनवरून जैबुनबीला सांगितलं, "यहाँ कारीगर की इज्जत है. काम जम गया तो तेरेकू लेने आता." जैबुनबीनं तो निरोप शोभाला सांगितला, शोभानं मला. आम्हाला बरं वाटलं. यवतमाळात त्या वर्षी एवढी एकच चांगली बातमी आली होती.

मतलूब मियाँचा भाचा लिटन हा दुभाषा. सिनेमे पाहून हिंदी शिकलेला. गावकरी काय समजून बसलेत हे या दिवट्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो गप्प राहिला, कारण त्यात सोय होती. जिनवाला माणूस झोपतो त्या शेडमधून एक खिळाही चोरीला जायचा नाही. शिवाय गंमत होतीच.

शकीलभाई कामाला लागला. पाया घालणं, मोटरी जोडणं, रोलर बसवणं. सहा जीन उभे राहिले, सातव्यानं त्रास द्यायला सुरुवात केली. वाटेतल्या दमट हवेनं रोलरचं चामडं फुगलं होतं आणि चालू केलं की यंत्र गच्च व्हायचं. तो सकाळपासून त्याच्याशी झगडत होता, घामानं निथळत होता, तेव्हा फाटकाशी एक बाई आली. लिटन जेवायला गेलेला.

आता आमच्याकडची रीत सांगतो, म्हणजे काय झालं ते समजेल. हंगामाच्या तोंडावर जीनच्या फाटकावर बाया येतात. कापसातला पालापाचोळा वेचायचं काम त्यांचं. यंत्रं सुरू झाल्याशिवाय त्यांची चूल पेटत नाही, म्हणून येतात आणि फिटरला विचारतात, भाऊ, जीन कई चालू होते? शकीलभाईचं उत्तर ठरलेलं असायचं, परवा. उद्या म्हटलं तर बाई उद्या खरंच दारात येते, आणि आठ दिवस म्हटलं तर रडते. परवा म्हटलं की जरा आशेनं घरी जाते.

ही बाई हात जोडून भराभर बोलत होती. त्याला त्यातलं काही कळेना. "आमार मेये" म्हणाली, त्याला "मेरे" ऐकू आलं. मेये म्हणजे मुलगी, हे त्याला कुठून ठाऊक? मग ती म्हणाली, "जिने धोरेछे."

हे मात्र त्याला कळलं! जीननं धरलंय. अरे वा, परक्या मुलखात कुणीतरी आपलं बोललं! सातव्यानं सकाळपासून धरलंच होतं. बाईला गावातून समजलं असणार, कामासाठी जीव टांगणीला लागला असणार.

"फिकीर मत करो बहन," तो म्हणाला. "परसों तक छूट जाएगा."

धरलं आणि सुटलं, हे शब्द तिकडं आणि इकडं जवळजवळ एकच. आमच्याकडंही भुतानं धरलं म्हणतात, आणि सुटलं म्हणतात. बाईच्या चेहऱ्यावर उजेड आला. तिनं पदराखालून पाण्याची बाटली काढून पुढं केली. तो तहानेनं कासावीस झाला होता. त्यानं बाटली घेतली, लहानपणापासूनच्या सवयीनं बिस्मिल्ला म्हणाला, दोन घोट प्याला आणि परत दिली. तिनं चार अंडी पुढं केली, ती त्यानं घेतली नाहीत. गरिबाचं कशाला घ्या! खरा पोचलेला माणूस मोबदला घेत नाही, हे त्या गावातही सर्वांना माहीत होतं.

बाई बाटली छातीशी धरून गेली.

तिची मुलगी शिउली, नऊ-दहा वर्षांची. कडाक्याचा ताप, मधूनच अंग ताठ व्हायचं, भलतंसलतं बरळायची. बापानं शेजाऱ्याची गाडी बोलावून ठेवली होती, जेसोरच्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं होतं. आईनं गाडी परत पाठवली. म्हणाली, परवापर्यंत सुटेल, हिंदुस्थानातल्या जिनवाल्यानं सांगितलंय, पाणी मंतरून दिलंय. बाप चिडला, पण गावच बाईच्या बाजूनं उभं राहिलं. ते पाणी तिनं मुलीला थोडं थोडं पाजलं.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या परवालाच, सातवा जीन सुटला. तोवर आठवाही बसला होता. आठही यंत्रं एकदम सुरू झाली. पांढरी रुई उडायला लागली आणि शकीलभाई मधोमध उभा राहून रडला. त्यानं मला हे सांगताना लपवलं नाही. मतलूब मियाँनं त्याला मिठी मारली आणि म्हणाला, आता तू इथलाच. शेडमागं दोन खोल्या बांधून देतो, भाभींना घेऊन ये. जे मागायला तो निघाला होता, ते मिळालं होतं.

दुपारी यंत्रांच्या आवाजातच शेडसमोरून जनाजा गेला. त्यानं लिटनला विचारलं कोण गेलं, आणि लिटन पहिल्यांदा घाबरला. घाबरला म्हणून सगळं खरं बोलला: शिउली, तिची आई, जिन, ते पाणी.

दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा फाटकाशी आली. शकीलभाईला वाटलं दगड मारायला आली. त्यानं मनाशी ठरवलं, मारू दे. पण तिच्या हातात ती रिकामी बाटली होती. ती विचारत होती, माझं काय चुकलं? तुम्ही दोन घोट घेतले तसे मी तिला दोन-दोनच दिले. मधे एकदा झाकण उघडं राहिलं, त्यानं झालं का? की गाडीवाला उंबऱ्यात आला होता, त्यानं?

"बोल उसकू," शकीलभाई लिटनला म्हणाला. "मैं मशीन का आदमी हूँ. मेरेकू कुछ नहीं आता. मेरेकू प्यास लगी थी, इसलिए पानी पिया. बोल, मेरी गलती है."

लिटन बोलला. बराच वेळ बोलला. बाई ऐकत राहिली, मान हलवली, डोळे पुसले, शकीलभाईच्या पायांना हात लावला आणि गेली.

"क्या बोला रे तू?"

"बोला, आपने बहुत कोशिश की. लड़की की उमर ही इतनी थी."

शकीलभाईनं त्याची गचांडी धरली. लिटन म्हणाला, खरं सांगितलं असतं तर तिच्या नवऱ्यानं तिला जिवंत ठेवली असती का? गाडी कुणी परत पाठवली? शकीलभाईनं हात सोडला.

मतलूब मियाँनं पुष्कळ समजावलं. खोल्यांच्या विटा आल्या होत्या. पण यंत्रं सुरू झाली की त्याला तो आवाज सोसेना, आणि गावातून निघाला की म्हाताऱ्या सलाम करायच्या, तो त्याहून सोसेना. तो परत आला. जैबुनबीनं दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. मुलगी अतिया पुसदहून येऊन गेली, तिच्याशीही बोलला नाही. वणीच्या एका जीनवाल्यानं बोलावलं होतं, उरल्यासुरल्यातला तो एक. गेला नाही. गॅरेजमध्ये टायरवर बसायला लागला.

मला हे सगळं त्यानं तिथंच सांगितलं, पंक्चर काढायला माझी स्कूटर आडवी पाडून. मी संतापलो. कुणावर संतापावं तेच कळेना, म्हणून जास्त संतापलो. म्हणालो, "शकीलभाई, तुमचा काय दोष? शब्द फसवा निघाला, त्याले तुम्ही काय करान?"

"शब्दाचं सोडा भाऊ," तो म्हणाला. "बाई रडून राह्यली होती. मी तिच्या तोंडाकडं पाह्यलंच नाई. बाटलीकडंच पाह्यलं."

सांत्वनाच्या वाक्यांचा माझा साठा नेहमीच तोकडा पडतो, त्या दिवशी तर रिकामाच निघाला.

पुढच्या हंगामात एकदा मी तिथं बसलेलो असताना आसिमच्या मोबाईलवर फोन आला. लिटन होता. आसिमनं मोठा आवाज लावून फोन काकाच्या हातात दिला. यंत्रं छान चाललीत, मामू आठवण काढतात, या म्हणाला. शकीलभाई नुसतं हूं हूं करत होता. मग लिटन म्हणाला, आसपासच्या गावांतून बाया येतात, विचारतात जिनवाला कब आएगा. शिउलीची आई पण आलीये, इथंच उभी आहे. तिच्या धाकट्या मुलाला ताप चढलाय. म्हणते, या वेळी काही चुकवणार नाही, तुम्ही फोनवर बिस्मिल्ला तेवढं म्हणा, मी बाटली धरते.

शकीलभाई उठून उभा राहिला. हातातली ट्यूब खाली पडली.

"उसकू बोल, जिनवाला मर गया!" तो ओरडला. रस्त्यावरची माणसं थांबली. "सुन रहा तू? बोल, मर गया वो! बोल, बच्चे को हस्पताल लेके जा, अभी लेके जा!"

पलीकडं लिटन बंगालीत बोलायला लागला. बराच वेळ बोलला. मधे एकदा बाईचा आवाज आला, मग पुन्हा त्याचा. शकीलभाई फोन कानाशी दाबून ऐकत होता. लिटननं तिला काय सांगितलं, ते त्याला समजलं नाही.